हप्तेबंदी आणि राहतें घर
(नहेम्या ५:१-१३)

दुष्काळांत धान्यासाठीं यहूदी लोकांनीं शेतें, द्राक्षमळे आणि घरेंही गहाण टाकलीं. नहेम्यानें तीं परत देवविलीं. पण सावकारांच्या नुसत्या शब्दावर न राहतां त्यांस याजकांसमक्ष शपथ घ्यावयास लाविली, हें आम्हांस विशेष वाटतें.

आमच्या मंडळ्यांतील कर्जदार बंधु विचारतात कीं, हप्तेबंदीचा लेख करून द्यावा कीं लाजेनें गप्प बसावें? आमच्या मतें करून द्यावा. परंतु त्यांत घर गहाण लिहूं नये. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वयें शेतकऱ्याचें व मजुराचें राहतें घर साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यांत जप्त होत नाहीं. तेंच घर गहाण दिलें म्हणजे त्या गहाणाच्या वसुलीपुढें हें संरक्षण टिकत नाहीं. आधींच गहाण असेल तर मात्र विलंब नको. वाटेंतच वाद्याशीं समेट करण्यास प्रभूनें सांगितलें आहे (मत्तय ५:२५).

हप्ता सुगीच्या दिवसांस धरून, पेलेल तेवढाच मागावा. लेखाच्या वेळीं घरधनीणही जवळ असावी. दाणे किती उरतात हें तिलाच ठाऊक. ज्यास वाचतां येत नाहीं त्याजबरोबर उपदेशकांनीं सावकाराच्या ओसरीवर जावें, व अंगठा उठण्यापूर्वीं प्रत्येक ओळ मोठ्यानें वाचून दाखवावी.