कशेडी घाटातलं तत्त्वज्ञान

दादरच्या एका परिसंवादात एका नामवंत समाजशास्त्रज्ञांनी ठणकावून सांगितलं, की टाळेबंदीत सीमेवरचे हाल खरे भोगले ते निपाणी-बेळगाव-दोडामार्गवाल्यांनी. मुंबईकरानं फार तर लोकल बंद होती म्हणून कुरकुर करावी. सभागृहात माना डोलल्या. मी बोलायला उठलो तेवढ्यात वेळ संपली. दिवाळी अंकात तशी घंटा वाजत नाही.

दोडामार्गचे हाल खोटे नव्हेत. रोजगार गोव्यात, मोठा दवाखाना बांबोळीला, आणि मध्ये राज्याची वेस. पण लालबाग-परळचा माणूस तरी एका ठिकाणी कुठे राहतो? रेशनकार्ड काळाचौकीचं, सातबारा राजापूर नाहीतर कणकवलीचा, आणि गणपती गावाला. २०२० च्या नियमांना मात्र माणशी एकच पत्ता ठाऊक होता.

टाळेबंदीवर बोलताना आपले विद्वान फुकोला हटकून बोलावतात. मलाही तो प्रिय, म्हणून जरा रेंगाळतो. १९७५ च्या पुस्तकात त्यानं सतराव्या शतकातलं प्लेगचं गाव रंगवलंय: रस्त्यागणिक एक अधिकारी, तो घरांना बाहेरून कुलूप लावणार, किल्ली वरिष्ठाकडे देणार, रोज नाव पुकारलं की खिडकीत येऊन हजेरी. छानच. पण गिरगावच्या चाळीत हे कुलूप लावायचं कुठे? संडास गॅलरीच्या टोकाला आणि तो सगळ्या मजल्याचा. पालिकेनं ही अडचण आपल्या परीनं सोडवली. चाळ-झोपडपट्टीची अख्खी वस्ती कंटेन्मेंट झोन. टॉवरमध्ये इमारत सील, पुढे नुसता मजला. खासगी संडासावर नागरिकाचं स्वातंत्र्य मोजणारा हा सिद्धांत फुकोला सुचला नव्हता.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक कामाचा. प्लेगच्या रोग्याला कोंडतात, महारोग्याला हाकलतात. सत्तेच्या या दोन तऱ्हा. पुढे त्या एकत्र आल्या असंही तो म्हणतो, पण तुरुंग किंवा वेड्यांचं इस्पितळ अशा एकाच भिंतीआड. आमच्या चाकरमान्याच्या वाट्याला त्या महामार्गाच्या दोन टोकांना आल्या. जूनअखेर पोलिसांनी खरेदीसाठी दोन किलोमीटरची हद्द आखली तेव्हा लालबागला दादरचं फुलमार्केटही परमुलूख झालं. तोच माणूस कशेडी किंवा खारेपाटणच्या नाक्यावर पोहोचला की साथ घेऊन येणारा. ऑगस्टमध्ये फर्मान निघालं: बारा तारखेपर्यंत पोहोचा आणि दहा दिवस विलगीकरणात बसा, त्यानंतर आलात तर अठ्ठेचाळीस तासांतला चाचणीचा अहवाल दाखवा. एसटीनं गेलात तर ई-पास नको, स्वतःच्या गाडीनं गेलात तर हवा. विषाणू लाल डब्याला भीत असावा. इथेच राहावं, तर लालबागचा राजाही त्या वर्षी बसला नाही. मंडळानं आरोग्योत्सव केला.

वेशीवर झाडं आडवी टाकणाऱ्या, चौदा दिवसांचा हट्ट धरणाऱ्या गावकऱ्यांना चार शब्द सुनवायचे, असं ठरवून मी लिहायला बसलो होतो. हात आखडतो. एकट्या परळात केईएम, टाटा, वाडिया आणि हाफकिन संस्था. त्या वर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकही नाही. शहर आजार पाठवणार आणि डॉक्टर ठेवून घेणार, हा व्यवहार गावानं का मानावा? शिवाय गावात राहिलं होतं कोण? याच चाकरमान्यांचे म्हातारे आईबाप. अडवणारा पुष्कळदा चुलतभाऊच, त्याच सातबाऱ्यावरचा. मुंबईची मनीऑर्डर चालते, मुंबईकर चालत नाही, असं म्हणून त्याला हिणवणं सोपं आहे. त्याच्या जागी मी असतो तर बहुधा बांबू मीच आडवा धरला असता.

आमच्या समाजशास्त्रज्ञांना इथेच गाठायचं आहे. त्यांच्या सीमेवर दोन सरकारं असतात. त्यामुळे भांडायला समोर कोणीतरी असतं, आंदोलन होतं, सर्वोच्च न्यायालयात दावाही उभा राहतो. कशेडीच्या दोन्ही अंगांना एकच सरकार, एकच मुख्यमंत्री, १८९७ चा एकच साथरोग कायदा, जो मुळात मुंबईच्या प्लेगातून आलेला. अडवणारे आणि अडलेले एकाच मतदारयादीतले नसले तरी एकाच घरातले. मग दावा कोणावर लावणार? म्हणून या सीमेचा प्रश्न झाला नाही आणि परिसंवादातही तिला खुर्ची मिळाली नाही.

२२ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीला, केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना कळवलं की राज्यांतर्गत प्रवासावर निर्बंध घालणं नियमात बसत नाही. अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरची. महाराष्ट्रानं जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास रद्द केला तो २ सप्टेंबरपासून.