मला बाधत नाही

‘आमच्या मशीनला व्हायरस लागत नाही.’ लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. त्याचा सूर ओळखीचा वाटतो. ‘आमच्या घराण्यात कुणाला मधुमेह नाही’ हे सांगताना माणसे जो सूर लावतात, तोच हा. त्यात थोडा भाग वारशाचा असतो, थोडा नशिबाचा, थोडा अजून तपासणीच न केल्याचा. सांगितले जाते ते मात्र कर्तबगारी म्हणून. मी स्वतः बारा वर्षे लिनक्स वापरतो आणि माझ्या संगणकाला आजवर काही झालेले नाही. याचे श्रेय कुणाचे, हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक अधिक वाटतो.

प्रणालींमध्ये फरकच नाही, असे म्हणता येणार नाही. युनिक्स १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडली, ती एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे हे धरूनच. ती वाड्यात वाढली म्हणा ना! बिऱ्हाडे अनेक, प्रत्येकाचे कडीकुलूप वेगळे, आणि मेन स्विचला हात लावायचा अधिकार फक्त मालकाला. लिनक्स आणि आजचा मॅक याच वळणाचे. विंडोजचा पूर्वज डॉस मात्र एकट्या माणसाच्या टेबलावर वाढला. शेजारीच नाही, तर भिंत कुणासाठी घालायची? पुढे इंटरनेट आले, अंगणात अख्खे जग येऊन उभे राहिले, तरी २००१ मधल्या विंडोज एक्सपीवर घरोघरचा माणूस बहुधा ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणूनच बसत असे. त्याने चालवलेला कुठलाही प्रोग्रॅम मग मालकाच्याच अधिकाराने घरभर फिरे. व्हिस्टापासून यंत्र परवानगी विचारू लागले, तर लोक वैतागले आणि न वाचता ‘होय’ दाबू लागले. आजच्या विंडोजच्या भिंती तेव्हापेक्षा पुष्कळ जाड आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

पण भिंतींनी सगळा उलगडा होत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने इंटरनेटवरची हजारो यंत्रे अडवली, आणि ती यंत्रे युनिक्सची होती. त्या काळी तिथे गर्दी युनिक्सची होती, म्हणून घाव तिथे बसला. पीसीचे व्हायरस मॅकला लागत नाहीत, असे अॅपल आपल्या संकेतस्थळावर लिहीत असे. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ सहा लाखांच्या आसपास मॅकमध्ये शिरला आणि त्याच वर्षी ते वाक्य तिथून गेले. २०१६ मध्ये ‘मिराई’ने धरले ते लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर. आत लिनक्स आहे याची त्यांच्या मालकांपैकी किती जणांना कल्पना असेल? कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता, एवढे पुरले. आणि आपल्याकडे आज लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी जी एपीके फाइल बँकेचे खाते रिकामे करते, ती अँड्रॉइडवर चालते. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. तिथे भिंत पडत नाही. फोन विचारतो, आणि माणूस दार उघडून देतो.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या नावाने एक प्रश्न मांडला. दोघे जण सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात. एकाच्या वाटेत कुणी येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत मूल येते. बेफिकिरी तेवढीच, पण गुन्हेगार एकच ठरतो. संगणकाच्या बाबतीत आपण हेच करतो. ज्याच्या फाइली गेल्या तो निष्काळजी, ज्याच्या राहिल्या तो शहाणा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली दुरुस्ती बसवली का नाही, असा बोल रुग्णालयांना लावणे सोपे होते. पण ती फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच सापडली होती आणि तिने ती स्वतःच्या उपयोगासाठी झाकून ठेवली होती. निष्काळजीपणापेक्षा हे झाकून ठेवणे मला कितीतरी गंभीर वाटते.

मी इंदूरला राहतो. वर्षातून दोनदा पुण्याला जातो, तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन दोन-तीन डीटीपीवाल्यांकडे चक्कर होते. त्यांची यंत्रे विंडोजची, काहींची फार जुनी. ‘सोडून द्या ना विंडोज’ हा सल्ला तिथे देऊन बघावा! ज्या पेजमेकरवर पानांमागून पाने लागली, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. वीस वर्षांची पुस्तके युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून आहेत. ती उघडणारी सामग्री विंडोजवरच चालते. पानामागे पैसे मिळवणारा माणूस ते सगळे नव्याने कधी करणार? सुरक्षित प्रणाली ‘निवडण्या’ची मोकळीक मला आहे, कारण मी फक्त लिहितो. माझे लिहिलेले पुस्तकात उतरते ते त्याच्या असुरक्षित यंत्रावर.

आता खरी अडचण. एका दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह मी माझ्या यंत्राला लावतो. विंडोजवर ज्या ठिकाणी फोल्डर गायब होऊन नुसते शॉर्टकट उरतात, तिथे माझ्या पडद्यावर मूळ फोल्डर जसेच्या तसे दिसतात आणि शेजारी एक अनोळखी फाइल निपचित पडलेली असते. माझ्याकडे ती मेलेली आहे. पुढच्या दुकानात जिवंत होईल. मला ताप नाही, खोकला नाही. मी नुसता वाहक आहे. करोनाच्या काळात लक्षणे नसलेल्या माणसाचे कर्तव्य काय, यावर आपण घराघरांत वाद घातला होता. तोच प्रश्न इथे चिमूटभर आकारात पुन्हा उभा राहतो.

माझा एक मित्र म्हणतो, ज्याने त्याने आपले दार सांभाळावे. अँटिव्हायरस त्यांनी ठेवायचा, तू कशाला? मला हे पटत नाही, आणि ते केवळ दयाबुद्धीने नव्हे. माझ्या टेबलावरच्या शांततेचा एक हिस्सा त्यांच्याकडून उसना आलेला आहे. घरच्या संगणकांवर विंडोजची गर्दी आहे, म्हणून हल्लेखोराची मेहनत तिकडे खर्च होते. त्या गर्दीच्या सावलीत मी बसलो आहे. उद्या सगळे लिनक्सवर आले तर ही सावली जाईल. लिनक्सचा प्रचार करणाऱ्या आम्हा मंडळींना हे मनातून ठाऊक असते आणि बैठकीत कुणी बोलत नाही.

उरलेला हिस्सा, म्हणजे भिंतींचा, तोही माझा नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदार सापडले. तो सांभाळणारा एक थकलेला स्वयंसेवक होता. ‘जिया टॅन’ हे नाव लावलेल्या कुणीतरी दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग ते दार बसवले. ते उघडकीला आणले आंद्रेस फ्रॉइंड यांनी. यंत्रात लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. हे गृहस्थ नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये! लिनक्सचा अभिमान बाळगणाऱ्याने ही गोष्ट अधूनमधून स्वतःलाच सांगावी.

‘क्लॅमएव्ही’ नावाचा एक मोफत अँटिव्हायरस आहे. तो लिनक्सच्या मेल सर्व्हरवर फार चालतो, आणि तिथे तो पकडतो ते मुख्यतः विंडोजचे व्हायरस; म्हणजे त्या सर्व्हरला ज्यांचा काडीचा त्रास नाही असे. हा प्रोग्रॅम मला फार आवडतो. पेन ड्राइव्ह पुढे देण्याआधी मी तो चालवतो. दहा-पंधरा मिनिटे जातात. समोरचा डीटीपीवाला घड्याळाकडे बघत म्हणतो, “अहो सर, तुमच्या मशीनला काय होणार आहे?” मी म्हणतो, “माझ्या नाही हो, तुमच्या.” तो हसतो, चहा सांगतो, आणि आम्ही पट्टी सरकताना बघत बसतो.