येसकर-भाकर आणि रेशनचा गहू

रात्रपाळी सुटली. सूतगिरणीतून थेट रेशनच्या रांगेत गेलो. अंगावर कापसाचे तंतू तसेच. मागून एकजण बोलला, ‘ह्यांचं बरंय, फुकट खायचं.’ मी वळलो नाही. पण ते बोलणं मशिनच्या घरघरीतही ऐकू येत राहिलं.

कारण आमच्या घराला फुकट भाकरीची शरम आहे. पणजा येसकर. पाळी आली की दारोदार भाकर मागायचा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, शिळे तुकडे मागणं सोडा. घरानं सोडलं. मग पिशवी घेऊन उभा असलेला मी काय करतोय? मागतोय की घेतोय?

आजी १९७२ चं सांगायची. आभाळ सगळ्यांवर सारखंच कोरडं. पण ज्याच्या वाड्यात पेव होतं त्याचा दुष्काळ वेगळा आणि जिच्या गाडग्यात दाणा नव्हता तिचा वेगळा. आजीनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या घामातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. सांगा, ही सुकडी फुकट होती?

दोस्तहो, आपण म्हणतो पाऊस गेला म्हणून माणसं मेली. १९४३ च्या बंगालमध्ये वीस-तीस लाख मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवलं की त्या साली तिथं धान्य १९४१ पेक्षा जास्त होतं. धान्य होतं, ते घ्यायची ऐपत नव्हती.

आता जवळचं बघा. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वात तापलेला मार्च. गव्हाचा दाणा भरायच्या वेळीच ऊन. सरकारचा अंदाज ११ कोटी १३ लाख टनांवरून १० कोटी ६४ लाखांवर आला. म्हंजे शंभरात पाचसुद्धा घटले नाहीत. पण सरकारी खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाखांवर! युक्रेनच्या युद्धानं भाव चढला, व्यापाऱ्यानं हमीभावापेक्षा जास्त दिला, गहू तिकडं गेला. १३ मे ला निर्यात बंद झाली. शेतकऱ्याचा चढता भाव अडला. आणि जिथं कापणीची मजुरी धान्यात मिळते, तिथं दाणा बारीक झाला की मजुरीपण बारीक. ऊन आभाळाचं होतं. त्याचा भुर्दंड कुणी भरायचा, हे माणसांनी ठरवलं.

म्हणून माझं उत्तर असं. भीक आणि हक्क यातला फरक दाण्यात नसतो. पणज्याला भाकर नाकारली तर त्याला जाब विचारायला दार नव्हतं. २०१३ च्या कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य माझ्या नावावर आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नाकारलं तर मी जाब विचारू शकतो. पण विचारलाच नाही, तर माझी पिशवी आणि पणज्याची झोळी एकच.

आणखी एक. माझा गहू स्वस्त राहावा म्हणून शेतकऱ्याचा भाव अडत असेल आणि कापणीवाली बाई उपाशी झोपत असेल, तर तो हक्क अर्धाच. तो भुर्दंड सरकारी तिजोरीनं भरावा, ही मागणी आपणच केली पाहिजे. पोट भरलं म्हणून गप्प बसणारा माणूस पुन्हा येसकरच.

पुढच्या महिन्यात रांगेत कुणी ‘फुकट’ म्हणालं, तर मी वळणार आहे. आजीची खडी त्याला मोजून दाखवणार आहे.

जयभीम.