किरिए मेला, एलियाहू हन्नाबी येणार आहेत



आम्ही राहतो त्या फेल्डहोवनजवळ होखेलोन नावाचे खेडे आहे. तेथील टेकडीत पूर्वी काबाउटर, म्हणजे टोपीवाले बुटके, राहत व रात्री शेतकऱ्यांची कामे उरकून देत, अशी दंतकथा आहे. त्यांचा राजा किरिए शिकाऱ्याच्या हातून मेला आणि सारे बुटके निघून गेले.

पुस्तकांतून मात्र ते परतले. रीन पोर्टफ्लीट यांच्या चित्रांचे काबाउटरांवरील पुस्तक १९७६ साली निघाले. १९९७ पासून हॅरी पॉटर घरोघर पोहोचला. मुले असले वाचतात म्हणून काही आईबाप धास्तावतात. परंतु अनुवादाच्या १८ व्या अध्यायात तोरा मनाई करते ती मृतांना प्रश्न विचारण्याची, गोष्ट वाचण्याची नव्हे. शौल राजा एन्दोरच्या बाईकडे सल्ल्याला गेला, हा त्याचा अपराध.

मग काळजी कशाची? जादूच्या शाळेतील गुरुजींची नावे मुलांना पाठ आहेत. अलिबागजवळचे खंडाळे त्यांना ठाऊक नाही. एलियाहू हन्नाबी तेथून स्वर्गात गेले, असे आपले वाडवडील मानीत आले.

किरिए मेला, एलियाहूंना मरण आले नाही. मलाखीच्या ग्रंथाप्रमाणे ते येतील ते बापांची मने मुलांकडे व मुलांची बापांकडे वळवण्यासाठी. हावदालाच्या वेळी आपण त्यांचे नाव घेतो. त्या रात्री मुलाच्या हातातले पुस्तक हिसकावू नका. शेजारी बसा, त्याची गोष्ट ऐका, मग आपली सांगा. एलियाहूंचे काम आपल्या घरापासून सुरू होवो. आमेन.