भातुकली आणि चूल

पोळ्याच्या दिवशी छत्तीसगडातील मुलांच्या हाती मातीची खेळणी येतात. मुलग्याला चाकांचा नंदिया बैल मिळतो. मुलीला जाते, चूल आणि इवलीशी भांडी. त्यांची आधी पूजा होते, त्यांना ठेठरी-खुरमीचा नैवेद्य दाखवला जातो आणि मगच ती मुलांच्या स्वाधीन होतात. मराठी पंचांगातील श्रावण अमावास्या तिकडे भाद्रपदाची म्हणून ओळखली जाते. तिथी मात्र एकच. १८५४ मध्ये इंग्रजांकडे जाण्यापूर्वी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि रायपूरच्या परिसराशी मराठीचा संबंध तेव्हापासूनचा आहे. त्यामुळे रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात एखाद्या मराठी घरी पुरणपोळीच्या ताटात ठेठरीही वाढली गेली, तर त्यात नवल नाही.

भातुकलीचा हा खेळ चार दिवस रंगतो. मग मूल खऱ्या चुलीकडे वळते आणि म्हणते, ‘मलाही करू दे.’ या मागणीला घराची दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘नको, भाजेल.’ दुसरे, ‘हा घे कणकेचा गोळा, खेळ.’ पहिल्या उत्तरात नकार आहे, पण तो सरळ आहे. दुसऱ्या उत्तरात वरकरणी होकार दिसतो; परंतु तो गोळा हाताळून काळा पडणार आणि शेवटी गायीपुढे जाणार, हे देणाऱ्याला ठाऊक असते. फार काळ जाण्याआधी ते मुलालाही कळते. ज्याचा कोणालाच उपयोग नाही असे काम देऊन मुलाला ‘मदत करतोस’ म्हणणे हे प्रेमापोटी असले, तरी ते असत्यच नव्हे काय?

मारिया मॉंतेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथील मुले जेवणाची मेजे मांडत आणि अन्न वाढत, ती खऱ्या, फुटणाऱ्या भांड्यांतून. जे फुटत नाही ते सांभाळावे का, हे मुलाला कळण्याचा मार्गच नसतो. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यातही महागड्या साधनांऐवजी मुलांच्या परिसरातील वस्तूंना स्थान होते. या दोन्ही प्रयोगांचा स्वयंपाकघराला लागू पडणारा अर्थ असा, की मुलाला खऱ्या जगातला लहानसा का होईना, पण खरा वाटा हवा असतो.

तथापि एवढ्यावर थांबता येत नाही. बीरगांव उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वसले आहे. आईवडील दोघेही कामावर गेले असता धाकट्या भावंडांसाठी भात शिजवणारी नऊदहा वर्षांची मुलगी अशा कोणत्याही कामगार वस्तीत आढळते. तिचा भात खरा आहे, तिचा जाळही खरा आहे. मग खरेपणाच कसोटी मानली, तर तिचे बालपण आदर्श म्हणावे लागेल. आणि असे म्हणायला कोणाचीही जीभ धजणार नाही. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यास मनाई झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत कुटुंबाला हातभार लावण्याची मुभा राहिली. घराच्या उंबऱ्यापाशी कायदा असा थबकतो. पुढचा विवेक घरानेच करावयाचा असतो.

चीला घालणाऱ्या दोन मुली कल्पून पाहाव्यात. तांदळाचे पीठ तेच, तवा तोच, हातही सारखेच लहान. एकीने कंटाळून उलथने खाली ठेवले, तर आई किंवा वडील ते उचलतात. दुसरीने ठेवले, तर घर उपाशी राहते. दोघींच्या कामात भेद नाही. भेद आहे तो काम सोडण्याच्या मोकळिकीत. म्हणून मर्यादा अशी आखता येईल: मुलाच्या हातचे अन्न घराने खावे, पण घराचे पोट मुलाच्या हातावर अवलंबून असू नये. पहिली अट मोडली की काम खोटे होते, दुसरी मोडली की बालपण संपते.

पहिली अट वाटते तितकी सोपी नाही. वेडावाकडा चीला हळूच बाजूला सारून गोल चीला वाढण्याचा मोह मोठ्यांना होतोच. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील (१९३५) वडील अळणी भाजी काही न बोलता खातात, करणारीचे मन राखणे हा त्यातला संस्कार आहे. मुलाच्या बाबतीत मात्र नुसते मौन पुरत नाही. त्याला मीठ कमी पडल्याचे सांगावे, आणि तरीही ताट स्वच्छ करावे. खोटी स्तुती त्याला पुन्हा भातुकलीतच ढकलते. सत्य सांगून केलेले भोजन त्याला पंगतीत बसवते.

हे सारे करण्यास वेळ लागतो, आणि तो बहुधा आईच्याच वाट्याचा असतो. मुलाच्या हातून सांडलेले पीठ कोणी भरावयाचे, या प्रश्नाला बगल देऊन केलेला बालसंगोपनाचा उपदेश तिच्या श्रमांत भर घालतो, एवढेच. वडीलही त्याच ओट्यापाशी उभे राहिले, तर ओझे वाटले जाते आणि आणखी एक गोष्ट न सांगता शिकवली जाते. मातीचा बैल मुलग्याला आणि मातीची चूल मुलीला, ही वाटणी खेळण्यांपुरती परंपरेने केली आहे. भूक दोघांनाही सारखीच लागते. तेव्हा खऱ्या चुलीपाशी ही वाटणी कायम ठेवण्याचे कारण कोणत्याही घराला देता यावयाचे नाही.