गुरुवारचे चिंतन : सूत, संख्या आणि आम्ही

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

 

या गुरुवारी चिंतन लिहिण्याची पाळी आमच्याकडे आली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, फोंडा, ज्या केंद्राचं चिंतन येईल ते आम्ही आरतीनंतर मोठ्याने वाचतो, "किती छान लिहिलंय" म्हणतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. आजचं आमचं लिहिणं तितकं छान नाही. पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण यात तुम्हा सर्वांची क्षमा मागण्याची एक गोष्ट आहे.

आषाढी एकादशीला आम्ही चातुर्मासाचा नेम ठरवायला बसलो होतो. नेम म्हणजे नेहमीचेच, कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी पारायण धरतं. यंदा एका गुरुभगिनीने घरच्या माळ्यावरून पेटीचरखा काढून आणला. तिच्या सासऱ्यांचा. झाकण उघडलं तर आत एक लहान आणि एक मोठं अशी दोन चाकं, गंजलेली चाती, आणि कोपऱ्यात पिवळा पडलेला पेळूचा तुकडा. ती म्हणाली, "पादुकांवरचं वस्त्र दरवर्षी दुकानातून आणतो. यंदा आपण कातलेल्या सुताचं घालूया की." सगळ्यांनी माना डोलावल्या. कातणं म्हणजे काय, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने सूत ओढायचं! भाद्रपद वद्य द्वादशीला, म्हणजे गांधीजींच्या जन्मतिथीला, चरखा द्वादशी असते. तोवर सूत तयार करून हुदलीला विणायला द्यायचं असं ठरूनही गेलं. आणखी चार पेटीचरखे इकडून तिकडून जमवले.

हुदली आमच्या बेळगाव जिल्ह्यातलंच गाव. गंगाधरराव देशपांडे तिथले. १९३७ साली गांधी सेवा संघाचं संमेलन तिथे भरलं, तेव्हा गांधीजी तिथे येऊन राहिले होते. खादीचं काम तिथे आजही चालतं. त्याच भागातल्या एका अज्जींना आम्ही शिकवायला बोलावलं. अज्जी आता अंबर चरख्यावर कातायच्या, पण लहानपणी पेटीचरख्यावर शिकलेल्या. मराठी त्यांना समजतं, बोलतात कानडी. पण "सावकाश री" एवढे दोन शब्द त्या इतक्यांदा म्हणाल्या की आता आमच्या घराघरांत लहान पोरंही तेच म्हणतात.

पहिल्या रविवारी आम्ही अकरा जणांनी मिळून जेवढं सूत काढलं, त्यात देवापुढची एक वातसुद्धा धड झाली नसती.

ज्यांनी चरखा कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू. चातीच्या टोकावरून धागा दर फेऱ्याला एकदा निसटतो आणि तेवढ्याने धाग्याला एक पीळ बसतो. हात मागे मागे न्यायचा, पेळूतून तंतू निघत राहतात आणि पीळ त्यांना धरत जातो. हातभर तार झाली की थोडा जादा पीळ द्यायचा, चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, मग तार चातीवर गुंडाळायची. अशी कुकडी भरत जाते. लिहायला चार ओळी लागल्या, हाताला जमायला आम्हाला तीन आठवडे लागले. पेळू घट्ट धरला की तंतू सुटत नाहीत, तार तुटते. अगदीच सैल सोडला की पीळ चिमटीतून मागे शिरतो आणि अख्खा पेळू दोरीसारखा आवळून बसतो. चिमणीचं पिल्लू हातात घ्यावं तसा पेळू धरायचा, असं अज्जींनी मुठीची खूण करून दाखवलं. आम्ही मात्र सगळे बाजाराची पिशवी धरल्यासारखा धरत होतो.

इथे गांधीजींचीच एक गोष्ट आठवते. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनी हातमाग-चरखा पाहिल्याचं त्यांनाच आठवत नव्हतं, हे त्यांनी आत्मकथेत सांगून टाकलं आहे. १९१५ ला ते भारतात परतले तेव्हाही चरखा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. पुढे गंगाबेन मजमुदार या बाईंनी हिंडून हिंडून तो शोधला, तो बडोदे संस्थानातल्या विजापूरला. (बडोदेकरांनो, हा मान तुमचा!) तिथे घराघरांत चरखे होते, पण लोकांनी केव्हाच माळ्यावर टाकले होते. पेळू मिळाले आणि सूत कुणी घेतलं तर कातू, असं ते म्हणाले. म्हणजे वस्तू होती, हातात कसबही होतं, नेम तेवढा सुटला होता. आपल्याकडेही असंच नाही का? गुरुमंत्र घेतला, माळ घेतली आणि माळ्यावर टाकली. आणि तोंडाने मात्र नाममाहात्म्य सांगत राहिलो. आपण न पाहिलेल्या चरख्याबद्दल किती वर्षं बोलतो आहोत, हे आपलं आपणच तपासावं. गांधीजींनी निदान ते कबूल केलं, आणि मग शिकायला बसले.

श्रावण लागला आणि नवीनच अडचण आली. चाकावरून चातीला फिरवणारी जी दोरी असते, तिलाही माळच म्हणतात. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दमट हवेत ती माळ सैल पडायची, घसरायची. चाक गरागरा फिरतंय, आवाज झकास येतोय, आणि चाती जागची हलत नाही. एक गुरुबंधू तर पाच मिनिटं चाक फिरवत होते आणि तार का होत नाही म्हणून पेळूला दोष देत होते. अज्जींनी चातीकडे बोट दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. आम्हीही हसलो. हसता हसता एकेक जण गप्प झाला. हातातली माळ फिरते आहे, मणी सरकताहेत, आणि आतली चाती हलतच नाही, हे प्रत्येकाच्या ओळखीचं होतं.

त्यानंतरचा प्रसंग काकांचा. त्यांच्या परवानगीने लिहितो आहोत. किंबहुना त्यांनीच लिहा म्हणून आग्रह धरला.

काका आमच्या केंद्राची जपाची वही सांभाळतात. रोज रात्री आपल्या ग्रुपवर ज्याच्या त्याच्या माळांचा आकडा येतो, काका तो वहीत उतरवतात, आणि महिन्याची बेरीज मुख्य आश्रमाला जाते. तर कातायला बसलेल्या प्रत्येकाने एक गुंडी सूत द्यायचं ठरलं होतं. हजार मीटरची एक गुंडी, म्हणजे शिकाऊ हाताला थोडं काम नव्हे. काकांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. तरी त्या रविवारी सगळ्यांत आधी त्यांनीच गुंडी आणून अज्जींसमोर ठेवली. पांढरीशुभ्र, एकसारखी. आम्ही वा वा केलं. अज्जींनी ती बोटांतून हळूहळू ओढून पाहिली, काकांच्या बोटांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की हे अंबर चरख्याचं सूत आहे, चांगलं आहे. आवाजात रागबिग काही नव्हता.

काका जरा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "विकत आणलंय. आणि आणखी एक सांगतो, तेवढं ऐका. जे लोक ग्रुपवर आकडा टाकत नाहीत त्यांच्या नावापुढे मी रोजच्या अंदाजाने आकडा भरतो. दोन वर्षं झाली. केंद्र मागे पडायला नको म्हणून."

कुणी काही बोलेना. मग एक भगिनी म्हणाली, मी रोज अकरा माळा लिहिते, पण तेराव्या दिवशीही अकराच होत्या आणि ताप आला त्या आठवड्यातही अकराच. दुसरे म्हणाले, मी टीव्हीसमोर करतो, मोजतो मात्र सगळ्या. असं करत करत फेरी पूर्ण झाली. सुटलेलं कुणीच नव्हतं. हे लिहिणारेही त्यात आले.

काकांना इतिहासाची आवड. तेच मग ओशाळं हसून म्हणाले, आपल्या गावाला याची परंपराच आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, जिथे आज वीरसौध आहे. गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी. त्या अधिवेशनात नियम मंजूर झाला की सभासदाने महिन्याला २००० वार सूत स्वतः कातून द्यावं. पण त्याच नियमात पुढे अशीही सोय होती की आजारपण असेल किंवा इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल. झालं, वाट मोकळी. वर्षाच्या आत, १९२५ च्या सप्टेंबरात, पाटण्याला तो नियम सैल करून वर्षाला चार आणे किंवा सूत असा पर्याय ठेवावा लागला. आम्हाला वाटतं, दोष नियमाचा नव्हता. सूत मोजता येतं, मन मोजता येत नाही, म्हणून माणूस सूत आणून टाकतो आणि सुटलो म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाने घातलेल्या व्रताचं असं झालं, तर आमच्या वहीचं काय घेऊन बसलात.

आपल्या महाराजांनी संख्येला कधी नाव ठेवलं नाही. पांगुळगाडा धरून मूल चालायला शिकतं, तसा नवीन साधकाला आकडा धरायला लागतो, असं ते समजावत. पण पांगुळगाडा किती लांब ढकलला याची बढाई कोणतं मूल मारत नाही. ती आम्ही मारली. गेल्या गुरुपौर्णिमेला याच पत्रिकेत बेळगावच्या नावापुढे जो आकडा छापून आला, तो खरा नाही. सामुदायिक जपसंकल्पाची पूर्णाहुती झाली ती तो आकडा बेरजेत धरून झाली. खरा आकडा किती हे आता काढायला मार्ग नाही.

हे कळवावं की नाही यावर आमच्यात दोन गुरुवार वाद झाला, तोही लपवत नाही. काहींचं म्हणणं, नाम घेतलं ते खोटं नाही, आकडा चुकला एवढंच. बाहेर सांगून केंद्राची आणि वयस्कर माणसाची नाचक्की कशाला? म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या रात्री काकांनी वही आणून पादुकांसमोर ठेवली आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाले. कुणी उचलायला तयार होईना.

तुटलेली तार कशी जोडायची हे अज्जींनी शिकवलं होतं. आम्ही आपले गाठी मारत होतो. गाठ लवकर बसते, दिसायला मजबूत, पण मागावर गेल्यावर फणीत अडकते आणि तिथेच पुन्हा तुटते. जोडायची रीत वेगळी. तुटलेल्या टोकाचा पीळ थोडा उकलायचा, ते मऊ करायचं, पेळूच्या मोकळ्या तंतूंवर ठेवायचं आणि हलक्या हाताने चाक फिरवायचं. टोक मऊ केल्याशिवाय जोड धरत नाही. आमच्यातल्या एका भगिनीने वादाच्या वेळी एवढंच आठवून दिलं. मग कळवायचं ठरलं, एकमताने नव्हे, पण ठरलं.

तेव्हा मुख्य आश्रमाला आणि सर्व केंद्रांना हात जोडून विनंती, की मागच्या दोन वर्षांच्या बेरजेतून बेळगावचा आकडा संपूर्ण वगळावा. आमच्यामुळे तुमच्या खऱ्या जपाच्या बेरजेला उणेपणा आला, त्याची क्षमा असावी. पूर्णाहुतीबाबत काय करायचं ते आश्रमातील ज्येष्ठ सांगतील तसं आम्ही करू.

वही काकांकडेच आहे. ज्याचा आकडा येत नाही तिथे आता रिकामी जागा असते. गेल्या महिन्याची बेरीज इतकी कमी आली की बघून एक जण म्हणाला, "अरे, हे आपलंच केंद्र काय?"

सुताचं म्हणाल तर पादुकांच्या वस्त्रापुरतं अजून झालेलं नाही. जाड-बारीक, जागोजागी गुठळ्या. अज्जी म्हणतात, जाड जागा दिसली की लगेच गुंडाळू नका. पीळ आधी बारीक जागेकडे धावतो आणि जाड जागा मऊच राहते, म्हणून चातीवर जायच्या आधी हळू ताणली तर ती बारीक होते. एकदा कुकडीत गेली की तशीच राहणार. (पीळ बारीक जागेवरच पडतो हे आमच्या केंद्रालाही लागू आहे. सतरंज्या घालणारे तेच आणि काढणारेही तेच.) काकांनी विकत आणलेली गुंडी परत घेतली नाही, वस्त्रात घातलीही नाही. तिच्या वाती करायला घेतल्या आहेत. त्यांची स्वतःची आजवर पाव गुंडी झाली आहे, आणि ती वस्त्रात जाणार आहे.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता अज्जी पुन्हा येत आहेत. बेळगावच्या साधकांनी आपापला चरखा आणि पेळू घेऊन यावं. पाऊस अजून थांबलेला नाही, तेव्हा माळेला लावायला थोडं मेणही आणावं.