वास्तूचे सातत्य आणि वस्तीचा अधिकार

पुण्यातील कसबा, शनिवार, बुधवार आणि त्यांना लागून असलेल्या जुन्या पेठांच्या संवर्धनाचा प्रश्न सामान्यतः नगररचनेचा अथवा पर्यटनाचा मानला जातो. परंतु जीर्ण झालेली वास्तू दुरुस्तीनंतर तीच राहते काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि ती टिकवण्याचा भार ज्यांच्या जीवनावर पडतो त्यांचा तिच्यावर अधिकार किती, हा प्रश्न धर्माचा आहे. भारतीय परंपरेने या दोहोंचा बारकाईने विचार केलेला असूनही पुण्यातील आजच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

जीर्णोद्धार म्हणजे भग्न देवालयाची अथवा मूर्तीची विधिपूर्वक पुनःस्थापना. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीनुसार भंगलेली मूर्ती लाकडाची असल्यास अग्नीला आणि पाषाणाची असल्यास जलाला अर्पण केली जाते व तिच्या जागी त्याच प्रमाणाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती बसवली जाते. ‘मयमत’ हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ, ज्या प्रासादाची लक्षणे अजून ओळखता येतात त्याची दुरुस्ती त्याच्याच द्रव्याने करावी, असे सांगतो. दक्षिणेतील आगमपरंपरेत काम चालू असेतो देवतेची स्थापना ‘बालालय’ नावाच्या तात्पुरत्या देवळात केली जाते, जेणेकरून पूजेत खंड पडू नये. या विधानांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की द्रव्याविषयी आदर असला तरी त्याला अंतिम मूल्य दिलेले नाही. अखंड राहावयाचे आहे ते देवतेचे वास्तव्य आणि उपासना. युरोपात याउलट जॉन रस्किन याने १८४९ मध्ये पुनरुद्धार हाच वास्तूचा नाश होय, अशी भूमिका मांडली आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ द्रव्याच्या जतनावर भर दिला. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते, त्याला या कसोटीत जागा मिळणे कठीण होते, आणि अस्सलपणाची कल्पना प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भातच तपासली पाहिजे हे १९९४ मध्ये नारा येथील दस्तऐवजाने मान्य केले.

न्याय-वैशेषिक दर्शनानुसार अवयवी, म्हणजे घटकांनी बनलेली अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी असते. मात्र अवयवांची रचना बदलली की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, जसे वस्त्राचा तुकडा निघाल्यावर उरलेले वस्त्र हे वेगळे ‘खंडपट’ ठरते. ‘हीच ती’ अशी जी ओळख पटते तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि दिव्याच्या ज्योतीबाबत ती केवळ सादृश्यामुळे होते, कारण ज्योत प्रत्येक क्षणी निराळी असते. बौद्धांनी अवयवी हाच नाकारला. त्यांच्या मते असतो तो केवळ संतान, म्हणजे पूर्वक्षणातून उत्तरक्षण कारणरूपाने उपजत जाणारा प्रवाह. ही दर्शने एकमेकांची कट्टर विरोधक असली तरी दुरुस्त केलेली वास्तू केवळ दगड-लाकडाच्या बळावर ‘तीच’ ठरत नाही, या निष्कर्षाला दोन्हींकडून आधार मिळतो.

प्रवाहाच्या सातत्याची ही कसोटी पुण्याला लावली असता बरेच काही स्पष्ट होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळाला आणि पुन्हा उभारला गेला, तरी तो वापरात राहिल्याने त्याचा प्रवाह तुटला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस महापालिकेने उभारलेला लाल महाल मात्र शिवकालीन वाड्याचे स्मरण आहे, पुनरुद्धार नव्हे, आणि स्मरण म्हणून त्याचा मान मुळीच उणा नाही. ज्या भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. तेथे भिंतींचे सातत्य संपले आहे, आणि उरलेले सातत्य शिक्षणाच्या कार्यातच शोधावे लागेल. कसबा पेठेतील तांबट आळीत याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथील घरे अनेकदा बदलली, स्टीलच्या भांड्यांनी बंब-घंगाळांची मागणी हिरावून घेतली, तरी तांब्यावर ठोके मारून मठार काम करण्याची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली आहे. पर्यटक आळीत येतो तो हे काम पाहण्यासाठी. कारागिरांची जागा उपाहारगृहांनी घेतली, तर दर्शनी भाग कितीही सुबक राखला तरी तांबट आळी उरणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वस्तीचे सातत्य हेच सर्वस्व मानले तर वाडा पाडून तेथे बहुमजली इमारत उभारणाराही त्याच कुटुंबांना सदनिका देऊन सातत्याचा दावा करू शकेल. परंतु संतानाच्या कल्पनेत उत्तरक्षण पूर्वक्षणातून उपजावा लागतो; चौक, ओसरी, सागवानी खांब आणि बोळाची रुंदी या तेथील सहजीवनाला आकार देणाऱ्या गोष्टी एका फटक्यात काढून टाकल्या तर कारणाची साखळीच तुटते. म्हणून दुरुस्ती क्रमाने व्हावी, आणि ती त्याच द्रव्याने करावी हा मयमताचा नियम येथेही ग्राह्य ठरतो. शिवाय सारेच सातत्य रक्षणीय नसते. जुन्या पेठांच्या जीवनात जातिभेदाने घातलेले निर्बंधही होते, आणि १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला तेव्हा त्यांनी परंपरेत खंड पाडला. पुण्याच्या इतिहासातील तो सर्वांत पुण्यप्रद खंड होय.

आजची व्यवस्था या विचारापासून फार दूर आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरवले. प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीने डागडुजी करता येते, नवे बांधकाम नाही. अशाच केंद्रसंरक्षित शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली, १८२८ च्या आगीत त्याच्या आतील इमारती जळाल्या, आणि आज तटबंदी, दिल्ली दरवाजा व जोती यांपलीकडे फारसे उरलेले नाही. या निर्मनुष्य वास्तूच्या रक्षणासाठी भोवतालच्या राहत्या वाड्यांना पुनर्बांधणी नाकारली जाते. त्यातच १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देण्याची वेळ महापालिकेवर येते. स्मारकाभोवती मोकळीक हवी हे खरे, पण तिची किंमत केवळ शेजाऱ्यांनी मोजावी हा न्याय नव्हे.

पर्यटनाला विरोध करण्याचे कारण नाही, कारण यात्रेची परंपरा या समाजाला नवी नाही. मात्र क्षेत्री राहणाऱ्यांचे जीवन हा त्या क्षेत्राचाच भाग मानला जात असे. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत आहे आणि मंगलकार्याचे पहिले निमंत्रण त्याला देण्यासाठी दूरच्या उपनगरांत गेलेली कुटुंबेही पेठेत येतात. परंतु ग्रामदैवताला ग्राम लागते, आणि ते केवळ पाहुण्यांचे असून चालत नाही.

देवाचे देऊळ दुरुस्त करताना आधी बालालय उभारावे, असे सांगणाऱ्या परंपरेत माणसाचे घर दुरुस्त करताना त्याला शहराच्या टोकाला पाठवणे हा अधर्मच म्हटला पाहिजे. महापालिकेने आणि पुरातत्त्व खात्याने जुन्या पेठांचा कोणताही आराखडा मंजूर करण्यापूर्वी तेथील मालक, बिऱ्हाडकरू आणि कारागीर यांची नोंद करावी, काम चालू असेतो त्यांची सोय त्याच पेठेत करावी, आणि परत येण्याचा त्यांचा हक्क लेखी द्यावा.